घराची व मोटारीची किल्ली चोरीस गेल्यास काय करावे

किल्ली हरवणे आणि किल्ली चोरीस जाणे या दोन घटना वरवर सारख्या दिसल्या, तरी त्यांचे परिणाम अगदी भिन्न असतात. रस्त्यात गळून पडलेली किल्ली ज्याच्या हाती लागते, त्याला ती कोणत्या दाराची आहे हे ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने तो केवळ धातूचा एक तुकडा असतो. पर्समधून अथवा पिशवीतून चोरीस गेलेल्या किल्लीची गोष्ट वेगळी आहे. तिच्याबरोबर बहुधा वाहन परवाना, आधार पत्र, एखादे बिल किंवा औषधाची चिठ्ठी जाते, आणि त्यांपैकी एकावर तरी घरचा पत्ता असतोच. किल्ली आणि पत्ता एकाच हाती लागले की दार उघडेच आहे असे समजावे.

असे असूनही अशा प्रसंगी बहुतेक कुटुंबांत प्रथम शोध घेतला जातो तो घरातील दुसऱ्या किल्लीचा, आणि ती सापडली की कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडून तिची प्रतिकृती करून घेतली जाते. त्यामुळे अडचण दूर होते, धोका मात्र तसाच राहतो. चोरीस गेलेल्या किल्लीवर खरा उपाय नवी किल्ली हा नसून नवे कुलूप हा आहे. घराच्या बाबतीत हे प्रत्यक्ष कुलूप असते; मोटारीच्या बाबतीत ते पुष्कळदा संगणकाच्या स्मरणात असते.

पहिला तास

चोरी लक्षात येताच घरी कोण आहे याचा प्रथम विचार करावा. घरात माणसे असतील तर त्यांना दूरध्वनी करून आतून कडी आणि अडसर लावण्यास सांगावे. बाहेरचे कुलूप कितीही भक्कम असो, चोरीची किल्ली ते सहज उघडते. आतल्या साध्या कडीपुढे मात्र तीच किल्ली निरुपयोगी ठरते. घर रिकामे असेल तर शेजाऱ्यांना व सोसायटीच्या पहारेकऱ्याला कळवावे, आणि शक्य तर जवळच्या एखाद्या नातेवाइकाला घराशी जाऊन थांबण्याची विनंती करावी. पहारेकऱ्याला केवळ 'लक्ष ठेवा' असे सांगून भागत नाही. आपली किल्ली चोरीस गेली आहे, आपल्या घरी आज कोणीही कारागीर, पाहुणा किंवा सामान पोहोचवणारा येणार नाही, आणि आपण स्वतः सांगितल्याखेरीज कोणालाही वर सोडू नये, असे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

मोटार घटनास्थळाजवळच उभी असेल तर ती तशीच सोडून पोलीस ठाण्याकडे धाव घेऊ नये. सोबत कोणी असल्यास त्याला गाडीपाशी उभे करावे. वाहनतळावर गाडी असेल तर तेथील कर्मचाऱ्यांना वाहनाचा क्रमांक देऊन ते बाहेर जाऊ देऊ नये अशी सूचना द्यावी. दुसरी किल्ली उपलब्ध असल्यास ती मागवून गाडी तत्काळ अन्यत्र, शक्यतो बंद फाटकाच्या आत, हलवावी. तेही शक्य नसेल तर बॅटरीची ऋण जोडणी सोडवून ठेवता येते, किंवा ओळखीच्या माणसाचे दुसरे वाहन आपल्या वाहनाला अगदी चिकटून उभे करता येते. आपल्याकडील अरुंद गल्ल्यांत ही युक्ती लोक एरवी नाइलाजाने वापरतात; या वेळी ती कामास येते. गाडीच्या पुढच्या कप्प्यात नोंदणी प्रमाणपत्र, विमापत्र किंवा घराची जादा किल्ली असेल तर ती प्रथम काढून घ्यावी. चोर समोर दिसत असेल किंवा घरात कोणी शिरल्याचा संशय असेल, तर देशभर चालणाऱ्या 112 या आपत्कालीन क्रमांकावर संपर्क साधावा आणि स्वतः आत जाण्याचे साहस करू नये.

पर्सबरोबर भ्रमणध्वनी आणि बँकेची कार्डेही गेली असतील तर कार्डे व सिम बंद करण्याचे काम याच तासात दुसऱ्या माणसाकडे सोपवावे. ज्या दुकानात, उपाहारगृहात किंवा वाहनतळावर चोरी झाली, तेथील कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची विनंतीही त्याच दिवशी, शक्यतो लेखी, करावी. ध्वनिचित्रण यंत्राची साठवणक्षमता भरली की जुन्या चित्रणावर नवे चित्रण आपोआप नोंदले जाते. तपासाला सुरुवात होईपर्यंत नेमका तो दिवस पुसला गेला, असे घडू शकते.

आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. चोरीनंतर काही तासांनी 'तुमच्या किल्ल्या सापडल्या आहेत, अमुक ठिकाणी येऊन घेऊन जा' असा दूरध्वनी आला, तर घरातील सर्वांनी आनंदाने निघू नये. घर रिकामे करून घेण्याचा तो मार्ग असू शकतो. किल्ल्या जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करण्यास सांगावे, आणि जायचेच झाले तर घरी कोणीतरी थांबेल अशी व्यवस्था करूनच जावे.

घराचे कुलूप

कुलूप बदलायचे म्हणजे दाराची मोडतोड आणि सुताराचा दिवसभराचा खोळंबा, असा अनेकांचा समज असतो. तो प्रत्येक कुलपाला लागू नाही. गेल्या काही दशकांत बांधलेल्या इमारतींच्या मुख्य दारांवर पुष्कळदा पिन-सिलिंडर प्रकारचे कुलूप असते. या कुलपाचे तत्त्व जुने आहे. अमेरिकेतील लायनस येल या पितापुत्रांपैकी धाकट्या येल यांनी 1860 च्या दशकात त्याला आजचे रूप दिले. नळीच्या आत कमी-अधिक लांबीच्या खिळी स्प्रिंगच्या दाबाखाली बसवलेल्या असतात. किल्लीच्या खाचा त्यांना नेमक्या उंचीवर उचलतात, सर्व खिळींचे सांधे एका रेषेत येतात, आणि मगच नळी फिरते. म्हणजे किल्लीचे सारे गुपित त्या बोटभर नळीत असते. दाराच्या जाडीत बसवलेला कुलपाचा मोठा सांगाडा, मूठ आणि पट्टी यांना हात लावण्याची गरज नसते.

दाराच्या कडेवर, कुलपाच्या जिभेच्या खाली, एक लांब स्क्रू असतो. तो काढला, किल्ली किंचित फिरवून नळीचा दाता आत घेतला, की नळी बाहेर निघते आणि त्याच मापाची नवी बसवता येते. जुनी नळी काढून ती दुकानात नेणे सर्वांत सोयीचे. नुसते माप न्यायचे असेल तर स्क्रूच्या छिद्रापासून दोन्ही टोकांपर्यंतची लांबी स्वतंत्रपणे मोजावी, कारण दोन्ही बाजू समान असतीलच असे नाही. नळी दारापुढे फार आली तर ती पकडीने मोडणे सोपे जाते. खरेदी करताना किल्ल्यांचे पाकीट सीलबंद आहे ना, हेही पाहावे.

लिव्हरची जुनी कुलुपे आणि दाराच्या आतील बाजूस बसवलेले लॅच यांच्या बाबतीत मात्र सामान्यतः संपूर्ण कुलूपच बदलावे लागते. वाड्यांत, चाळींत आणि अनेक लहान गावांतील घरांत दाराला कडी-कोयंडा व टांगते कुलूप असते; तेथे हा प्रश्न सर्वांत सुटसुटीत आहे. नवे कुलूप आणले की काम झाले. किंबहुना सदनिकेच्या दाराला जुना कोयंडा शिल्लक असेल, तर रात्री-अपरात्री दुकाने बंद असताना त्याला एक चांगले टांगते कुलूप लावून वेळ निभावून नेता येते. बैठकीच्या शोभेसाठी कोयंडे काढून टाकण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, तिचा पुनर्विचार व्हावा असे वाटते.

बोटाच्या ठशाने किंवा कार्डाने उघडणारी कुलुपे असलेल्या घरांत चोरीस गेलेल्या कार्डाची नोंद कुलपातून पुसणे पुरेसे असते. परंतु अशा बहुसंख्य कुलपांना बॅटरी संपल्यास उपयोगी पडावी म्हणून एक धातूची किल्लीही दिलेली असते, आणि ती जुडग्यात असेल तर तिच्यासाठी तयार केलेली नळीच बदलावी लागते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाला त्याच दिवशी लेखी कळवावे. भ्रमणध्वनीवरील संदेशही चालेल, तो जपून ठेवावा. कुलूप बदलण्यापूर्वी संमती घ्यावी, आणि बदलल्यावर करारात तशी अट असल्यास एक किल्ली मालकाला द्यावी. खर्च कोणी सोसायचा हे भाडेकरारावर अवलंबून असते. चोरी भाडेकरूकडून झाली असल्यास तो बहुधा भाडेकरूवरच येतो.

कारागिराची निवड हा नाजूक विषय आहे. किल्ल्या तयार करणाऱ्या कारागिरांचा व्यवसाय आपल्या देशात पिढ्यानपिढ्या चालत आला आहे, आणि त्यांतील कौशल्य पाहून थक्क व्हावे. तथापि या व्यवसायासाठी देशभर लागू असलेली परवाना पद्धत नाही. म्हणून दारावर हाक देत आलेल्या अनोळखी माणसाला घरातील कपाट उघडण्यास बसवू नये. ठरावीक जागी दुकान असलेला, शेजाऱ्यांच्या माहितीतील कारागीर बोलवावा आणि काम पूर्ण होईपर्यंत समोर थांबावे. पाणी आणण्याच्या, जुने कापड शोधण्याच्या निमित्ताने खोली सोडून जाऊ नये.

मोटारीची किल्ली

मोटार किती जुनी आहे, यावर येथील उपाय ठरतो. जुन्या वाहनांची किल्ली निव्वळ धातूची असते, आणि ती ज्याच्या हाती त्याचे वाहन असे समजण्यास हरकत नाही. अशा वाहनाचा कुलूपसंच, म्हणजे इंजिन सुरू करण्याचे कुलूप, दारांची कुलुपे आणि मागील डिकीचे कुलूप, एकत्रितपणे बदलावा लागतो. दुचाकींसाठीही असे संच मिळतात. त्यांत इंजिनाचे, पेट्रोलच्या टाकीचे आणि आसनाखालील कुलूप एकाच किल्लीने उघडणारे असते. संच येईपर्यंत सुकाणूला किंवा गिअरच्या दांडीला लावायचे बाहेरचे कुलूप हा कमी खर्चाचा आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह उपाय आहे.

नव्या मोटारींत इंजिनरोधक यंत्रणा असते. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक सूक्ष्म चिप बसवलेली असते. किल्ली कुलपात घातली की कुलपाभोवतीचे वेटोळे त्या चिपला ऊर्जा पुरवते, चिप आपला संकेत पाठवते, आणि तो संकेत गाडीच्या संगणकातील नोंदीशी जुळला तरच इंजिन चालू राहते. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत किल्ली खिशातच राहते, पण तत्त्व तेच. या रचनेचा लाभ असा की चोरीस गेलेल्या किल्लीचा संकेत गाडीच्या स्मरणातून पुसून टाकता येतो. त्यानंतर ती किल्ली चोराच्या हाती असली तरी इंजिन सुरू होत नाही.

यासाठी उत्पादकाच्या अधिकृत कार्यशाळेत जावे लागते. तेथे नोंदणी प्रमाणपत्र, मालकाचे ओळखपत्र आणि सामान्यतः पोलिसांकडील तक्रारीची प्रत मागतात. कार्यशाळेत 'नवी किल्ली हवी' एवढेच सांगू नये. जुन्या किल्लीची नोंद पुसून हवी, असे लेखी नमूद करून घ्यावे; न सांगितल्यास कित्येकदा नवी किल्ली केवळ जोडली जाते आणि जुनीही पूर्ववत चालत राहते. घरात शिल्लक असलेली किल्ली सोबत नेणेही आवश्यक असते, कारण बऱ्याच गाड्यांत आधी सर्व नोंदी पुसून मग हाती असलेल्या किल्ल्यांची नव्याने ओळख करून द्यावी लागते. काम झाल्यावर गाडीत किती किल्ल्यांची नोंद आहे हे विचारावे. तो आकडा आपल्या हातातील किल्ल्यांएवढाच असला पाहिजे.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. संकेत पुसल्याने इंजिन सुरक्षित होते, दार होत नाही. किल्लीचे धातूचे पाते दाराच्या कुलपात पूर्वीसारखेच फिरते. त्यामुळे दाराचे कुलूप बदलेपर्यंत गाडीत मौल्यवान वस्तू, कागदपत्रे किंवा लहानसहान पिशव्याही ठेवू नयेत. गाडीच्या पडद्यावरील मार्गदर्शक नकाशात 'घर' म्हणून नोंदलेला पत्ताही पुसून टाकावा. गाडी भ्रमणध्वनीतील अॅपशी जोडलेली असून तो भ्रमणध्वनीही चोरीस गेला असेल, तर त्या खात्याचा संकेतशब्द बदलणे हे किल्लीइतकेच तातडीचे काम ठरते.

नवी मोटार घेताना किल्लीबरोबर एक लहानशी पट्टी मिळते, तिच्यावर किल्लीचा क्रमांक कोरलेला असतो. अनेकजण ती जुडग्यालाच अडकवून ठेवतात. हा क्रमांक नवी किल्ली तयार करण्यासाठी उपयोगी पडतो, आणि म्हणूनच तो किल्लीपासून दूर, कागदपत्रांच्या फायलीत असावा.

पोलिसांकडील नोंद

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. चोरीचा गुन्हा आता न्याय संहितेच्या कलम 303 खाली येतो. नव्या कायद्यातील एक तरतूद किल्लीच्या चोरीशी निकटचा संबंध ठेवते. चोरीस गेलेल्या मालमत्तेची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल, तर कलम 303 खालील अशी चोरी अदखलपात्र ठरते. अदखलपात्र गुन्ह्याची पोलीस नोंद घेतात, परंतु दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून तपास करू शकत नाहीत. पितळेच्या चार किल्ल्यांची किंमत ती किती, आणि त्यांच्यामागे असलेल्या घराची किती, हा विचार कायद्याच्या या तक्त्यात बसत नाही.

म्हणून तक्रार देताना घटनेचे पूर्ण वर्णन करावे. किल्ल्यांसोबत गेलेली पर्स, रोकड, भ्रमणध्वनी यांची खरी किंमत नमूद करावी. आधुनिक मोटारीच्या स्मार्ट किल्लीची एकटीची किंमत अनेकदा वरील मर्यादेपेक्षा अधिक असते. ती कार्यशाळेकडून विचारून घ्यावी. चोरी कोठे व कशी झाली हेही तितकेच महत्त्वाचे आहे. हातातून किंवा खांद्यावरून पर्स हिसकावून नेली असेल तर तो कलम 304 खालील स्वतंत्र गुन्हा आहे. राहत्या घरातून किंवा प्रवासी वाहनातून वस्तू चोरीस गेली असेल तर कलम 305 लागू होते. हे दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत आणि तेथे 5,000 रुपयांचा प्रश्न उद्भवत नाही. रेल्वेच्या डब्यात झोपेत असताना पर्स नाहीशी झाली, तर ते प्रकरण या दुसऱ्या प्रकारात मोडते. प्रवासातच 139 या क्रमांकावर कळवावे, आणि तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे द्यावी.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, मग गुन्हा त्याच्या हद्दीत घडलेला असो वा नसो. इंदूरला राहणाऱ्या कुटुंबाची पर्स नागपूरच्या बसस्थानकावर गेली, तर इंदूरच्या ठाण्यातही खबर नोंदवता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून खबर दिल्यास तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, आणि नोंद नाकारली गेल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवून पुढे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

अनेक राज्यांच्या पोलिसांच्या संकेतस्थळांवर हरवलेल्या वस्तूंची नोंद काही मिनिटांत करण्याची सोय आहे. ती सोपी असल्याने चोरी झालेली असूनही 'हरवली' अशी नोंद करून मोकळे होण्याकडे कल दिसतो, आणि कधी कधी तसा सल्लाही मिळतो. तो मानू नये. ही नोंद चौकशीसाठी नसते. शिवाय उद्या त्याच किल्लीने घर उघडले गेले, तर आपलाच कागद आपल्याविरुद्ध बोलू लागतो.

'घरफोडी' या शब्दाचा प्रश्न

दार न फोडता, मूळच्याच किल्लीने उघडून चोर आत शिरला, तर त्याला घरफोडी म्हणावे काय? मराठीतील शब्दात 'फोडणे' स्पष्ट आहे, आणि सर्वसामान्य माणूस नाही असेच उत्तर देईल. कायद्याचे उत्तर वेगळे आहे. 1860 च्या दंड संहितेच्या कलम 445 मध्ये घरफोडीची व्याख्या करताना कुलूप उघडून केलेला प्रवेशही तिच्यात गणला होता. इतकेच नव्हे, तर त्याखाली एक उदाहरणच दिले होते: एकाची हरवलेली दाराची किल्ली दुसऱ्याला सापडते, आणि तिने दार उघडून तो गृहअतिक्रमण करतो; ही घरफोडी होय. न्याय संहितेच्या कलम 330 मध्येही ही व्याख्या कायम आहे. तेव्हा दारावर ओरखडा नाही म्हणून पोलीस प्रकरण सौम्य मानू लागले, तर या तरतुदीकडे नम्रपणे लक्ष वेधावे.

विम्याच्या भाषेत मात्र हाच शब्द उलट बाजूने आकसतो. चोरीपासून संरक्षण देणाऱ्या अनेक विमापत्रांत बळाचा वापर करून, दृश्य खुणा राहतील अशा रीतीने झालेला प्रवेश ही अट असते. तिजोरी तिच्या किल्लीने उघडली गेल्यास, ती किल्ली धाकदपटशाने वा हिंसेने मिळवलेली नसेल तर भरपाई नाही, असाही अपवाद काही विमापत्रांत असतो. म्हणजे ज्या घटनेला फौजदारी कायदा घरफोडी म्हणतो, तीच घटना विमा कंपनीच्या दृष्टीने भरपाईस अपात्र ठरण्याची शक्यता असते. किल्ली चोरीस गेल्यानंतर कुलूप न बदलणे किती महागात पडू शकते, हे यावरून दिसेल.

1 एप्रिल 2021 पासून विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' हे प्रमाणित विमापत्र देतात. गृहकर्जासोबत ते घेतलेल्या अनेकांना आपले घर चोरीपासूनही सुरक्षित झाले असे वाटते. या विमापत्रातील मूळ संरक्षण आग, पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींचे आहे. चोरीचा समावेश केवळ अशा आपत्तीनंतर सात दिवसांत, तिच्यामुळे झालेल्या चोरीपुरता आहे. एरवीच्या चोरीसाठी स्वतंत्र संरक्षण घ्यावे लागते, आणि ते घेताना 'किल्लीने प्रवेश' याविषयी काय लिहिले आहे ते वाचावे.

मोटारीच्या विम्यात किल्ली बदलण्याचा खर्च मूळ विमापत्रात नसतो. त्यासाठी अधिक हप्ता देऊन जोड-संरक्षण घेता येते. त्याची खरी कसोटी लागते ती वाहनच चोरीस गेल्यावर. त्या वेळी कंपन्या मूळच्या दोन्ही किल्ल्या मागतात. एकच किल्ली देता आली, तर दुसरी गाडीतच राहिली होती की काय, असा संशय घेतला जातो. वाहनाच्या सुरक्षिततेसाठी वाजवी काळजी घेणे ही विमाधारकावरील अट असते. किल्ली चोरीस गेल्याची नोंद वाहनाच्या चोरीपूर्वीची असेल आणि कंपनीला त्याच वेळी लेखी कळवलेले असेल, तर या संशयाला उत्तर तयार असते.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय येथे उपयुक्त आहेत. जानेवारी 2020 मध्ये एका ट्रॅक्टरच्या चोरीच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले, की पोलिसांकडे ताबडतोब खबर दिलेली असेल, तर केवळ विमा कंपनीला कळवण्यास विलंब झाला म्हणून दावा फेटाळता येणार नाही. जुलै 2023 मध्ये, चालकाने किल्ली आतच ठेवून खाली उतरल्यावर चोरीस गेलेल्या ट्रकच्या प्रकरणात, पूर्ण दावा नाकारण्याऐवजी 75 टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम ठेवण्यात आला. या निर्णयांचा अर्थ विलंब चालतो किंवा निष्काळजीपणा माफ आहे असा नाही. पहिल्या प्रकरणात विमाधारकाला तारले ते त्याच दिवशी नोंदवलेल्या प्रथम खबरी अहवालाने, आणि दुसऱ्यात एक चतुर्थांश रक्कम गेलीच.

जुडग्यातील इतर किल्ल्या

आपल्याकडील किल्ल्यांच्या जुडग्यात घर व मोटार यांशिवाय कपाट, देवघराचा कप्पा, कार्यालयाचे टेबल, दुकानाचे शटर, गावाकडचे घर आणि क्वचित बँकेतील लॉकर यांच्याही किल्ल्या असतात. चोरीच्या गडबडीत या विसरल्या जातात. शांतपणे बसून त्यांची यादी करावी; घरातील वडीलधाऱ्यांना विचारल्यास आपल्याला ठाऊक नसलेली एखादी किल्ली हमखास निघते. कार्यालयाच्या किल्लीविषयी वरिष्ठांना कळवण्यास संकोच करू नये.

लॉकरची किल्ली गेल्यास बँकेला तत्काळ कळवणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2021 रोजी प्रसृत केलेल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या सूचनांनुसार लॉकर उघडणे, कुलूप बदलणे व नवी किल्ली देणे यांचा खर्च बँक ग्राहकाकडून घेऊ शकते, आणि हरवलेली किल्ली पुढे सापडल्यास ती बँकेच्या स्वाधीन करण्याची हमीही मागू शकते. एकट्या किल्लीने लॉकर उघडत नाही, बँकेची किल्ली व ग्राहकाची ओळख पटणे आवश्यक असते. त्यामुळे येथे भीतीपेक्षा दिरंगाईच अधिक नुकसान करते.

वाहन परवाना व नोंदणी प्रमाणपत्र चोरीस गेले असले तरी वाहन चालवणे थांबत नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांवरील प्रती कायद्याने ग्राह्य आहेत. नोंदणी प्रमाणपत्राच्या दुसऱ्या प्रतीसाठी नमुना 26 मध्ये परिवहन कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी पोलिसांकडील नोंद जोडावी लागते.

काही वेळा आठवड्याभराने जुडगा परत मिळतो. कोणीतरी तो पहारेकऱ्याकडे आणून देतो, किंवा रिकामी पर्स झुडपात सापडते आणि किल्ल्या तिच्यातच असतात. एवढ्या काळात त्या कोणाच्या हातून गेल्या हे कळण्यास मार्ग नसतो, आणि साध्या किल्लीची प्रतिकृती काही मिनिटांत तयार होते. नवे कुलूप अद्याप बसवले नसेल तर किल्ल्या मिळाल्या म्हणून ते काम रद्द करू नये. परत मिळालेल्या किल्ल्यांची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी, विमा कंपनीला लेखी कळवावे, आणि मोटारीची किल्ली कार्यशाळेत पुन्हा नोंदवून घेता येते का, ते विचारावे. चिप शाबूत असेल तर पुष्कळदा ती पुन्हा नोंदवता येते, आणि नव्या किल्लीचा खर्च वाचतो.